बडोद्यात घरची जुनी गाडी रोजच्या वापराला काढताना: कागदांपासून रेडिएटरपर्यंत

बडोद्यातल्या कितीतरी सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये एक गाडी कव्हर घालून उभी दिसते. वडिलांनी निवृत्तीच्या आधी घेतलेली वॅगन आर, काकांची सँट्रो, नाहीतर पुण्याच्या मावशीने 'पडून आहे, घेऊन जा' म्हणून देऊ केलेली अल्टो. घरात कुणाला मकरपुरा जीआयडीसीत किंवा मांजुसरला नोकरी लागली की प्रश्न निघतो: हप्त्यावर नवी घ्यायची, की हीच रोज काढायची?

माझं मत स्पष्ट आहे, हीच काढा. मी स्वतः 2008 सालची वॅगन आर रोज चालवते आणि अजून तरी बदलायचा विचार नाही. पण जुनी गाडी आपोआप स्वस्त पडत नाही. सुरुवातीलाच पैसे योग्य जागी घालावे लागतात: कागद, ब्रेक, टायर आणि इंजिन थंड ठेवणारी यंत्रणा. म्युझिक सिस्टीम, सीट कव्हर, पॉलिश यांच्यावर या टप्प्यात एक रुपयाही घालू नका. ज्यांनी पूर्वी कधी गाडी सांभाळलेली नाही त्यांच्यासाठी हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

1. आधी हिशेब मांडा

कारेलीबाग ते मकरपुरा जाऊन-येऊन 24 किलोमीटर धरा. महिन्याचे 26 दिवस, म्हणजे 624 किलोमीटर. जुनी छोटी पेट्रोल गाडी शहरात 14 चा ॲव्हरेज देते असं धरलं तर साधारण 45 लिटर लागतं. लिटरचा भाव 95 रुपये धरला की पेट्रोल सव्वाचार हजारांच्या आसपास जातं. त्यात दुरुस्तीसाठी दरमहा 2,000 बाजूला टाका. ज्या महिन्यात काही निघालं नाही त्या महिन्याचे खर्चू नका, साठू द्या. टायर आणि बॅटरी त्यातूनच येणार आहेत.

आता दुसरी बाजू. पाच लाखांचं कर्ज 9 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ताच दहा हजार चारशेच्या घरात जातो, आणि पेट्रोल, विमा, सर्व्हिसिंग त्यावर वेगळं. पगार नुकता सुरू झालेल्या माणसाच्या हातात या फरकाने महिनाअखेरीला काय उरतं ते कागदावर लिहून बघा. रोजचं अंतर 70-80 किलोमीटर असेल, हालोलपर्यंत जाणं-येणं असेल, तर मात्र थोडा वेगळा विचार करा. एवढं अंतर पंधरा वर्षांची गाडी चालवेल, पण वर्षाकाठी वीस हजारांच्या वर किलोमीटर पडतात आणि सुटे भाग त्याच वेगाने झिजतात.

2. गाडी कोणाच्या नावावर आहे?

मेकॅनिककडे जायच्या आधी आरसी बुक उघडा. 'घरचीच तर गाडी आहे' म्हणून लोक वर्षानुवर्षं वडिलांच्या किंवा काकांच्या नावावरची गाडी तशीच चालवतात. मालक हयात असेल, त्याची परवानगी असेल आणि विमा चालू असेल तर घरच्या माणसाने गाडी चालवण्यात कायद्याची अडचण नाही. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा: पॉलिसीतला 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा नोंदणीकृत मालक स्वतः चालवत असेल तरच लागू होतो. रोज तुम्हीच चालवणार असाल तर गाडी तुमच्या नावावर आलेली बरी.

मालक हयात असताना नाव बदलायला फॉर्म 29 आणि फॉर्म 30 लागतात. अर्ज परिवहनच्या पोर्टलवर भरता येतो.

मालक वारला असेल तर रस्ता वेगळा, आणि बहुतेक घरं इथेच अडकतात. नियम असा आहे की वारसाने 30 दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म 31 भरून गाडी नावावर करून घ्यायची. दुःखाच्या दिवसांत गाडीचं कुणाच्या मनात येत नाही हे खरं, पण गेलेल्या माणसाच्या नावाने पॉलिसी रिन्यू होत राहते आणि अपघात झाला की गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडतो. उशीर झाला असेल तरी अर्ज करा. दंड भरावा लागेल, पण गाडी मोकळी होईल. विम्यातला नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) मृत मालकाकडून पत्नी, मुलं किंवा आईवडील यांच्या नावावर येऊ शकतो. तो मागून घ्या, कंपनी आपणहून देत नाही.

जवळ ठेवायचे कागद:

- मूळ आरसी (स्मार्ट कार्ड असेल तर तेच)
- चालू विमा पॉलिसी आणि पीयूसी
- मालक आणि घेणारा, दोघांचे आधार, पॅन आणि पत्त्याचा पुरावा
- फॉर्म 29, 30. वारसाच्या बाबतीत फॉर्म 31, मृत्यूचा दाखला, पेढीनामा (वारसांची वंशावळ) आणि बाकीच्या वारसांची ना-हरकत
- जुनं कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म 35
- चॅसिस नंबरची पेन्सिल प्रिंट

कर्जाचा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण तपासाच. कर्ज दहा वर्षांपूर्वी फिटलेलं असतं आणि आरसीवर बँकेचं नाव तसंच राहिलेलं असतं. बँकेचं पत्र तीन महिनेच चालतं, त्यामुळे हातात पडलं की लगेच अर्ज करा.

चॅसिस प्रिंट म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेल्या नंबरावर पातळ कागद ठेवून पेन्सिल फिरवायची आणि आकडे कागदावर उमटवायचे. आरटीओबाहेर हे करून देणारे भेटतात. पण नंबर गंजला असेल, त्यावर डांबरी कोटिंग बसलं असेल, तर आधी घरी रॉकेल आणि जुन्या टूथब्रशने साफ करा. सँडपेपर चुकूनही लावू नका. आकडे घासलेले दिसले की फाईल संशयात जाते.

नाव बदलताना आरसीत नॉमिनीही घालून घ्या. 2021 पासून ही सोय आहे. पुढच्या पिढीची धावपळ वाचेल.

3. पंधरा वर्षं झाली असतील तर

खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते, त्यानंतर दर वेळी पाच वर्षांसाठी वाढवता येते. 'पंधरा वर्षांनंतर गाडी भंगारातच जाते' असं दलाल छातीठोकपणे सांगतात आणि चांगली गाडी कवडीमोलाने उचलतात. दहा वर्षांचं डिझेल आणि पंधरा वर्षांचं पेट्रोल हे बंधन दिल्ली-एनसीआरचं आहे. गुजरातेत नोंदणीचं नूतनीकरण झालेली गाडी राजरोस चालवता येते.

अर्ज फॉर्म 25 चा. मुदत संपायच्या आधी 60 दिवसांपासून भरता येतो, आणि तेव्हाच भरावा. एप्रिल 2022 पासून मोटारीच्या नूतनीकरणाची फी 5,000 रुपये आहे आणि उशीर झाला तर दर महिन्याला 500 वाढत जातात. गाडी 20 वर्षांपेक्षा जुनी असेल तर ऑगस्ट 2025 च्या अधिसूचनेनुसार 10,000. म्हणून हिशेब मांडताना गाडीचं वय बघा: चौदा वर्षांच्या गाडीच्या किमतीत हा खर्च मिळवूनच ती स्वस्त की महाग ते ठरवा.

आपलं आरटीओ दरजीपुऱ्याला, हायवेच्या कडेला. जायच्या आदल्या दिवशी सगळे दिवे, ब्रेक लाईट, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, हँडब्रेक एकदा तपासा. थकलेलं ई-चलन भरून टाका. हाय सिक्युरिटी नंबर प्लेट नसेल तर ती आधी बसवून घ्या. गाडी परत पाठवतात ती बहुतेक वेळा असल्याच बारीक कारणांवरून.

पुणे-मुंबईची गाडी आणणार असाल तर तिथल्या आरटीओचं ना-हरकत पत्र (फॉर्म 28) घ्या. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो, इथला कर भरावा लागतो आणि महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेला भाग तिथे अर्ज करून परत मागायचा असतो. मावशीची गाडी तेरा-चौदा वर्षांची असेल तर नम्रपणे नको म्हणा. फुकट मिळालेली गाडी एवढ्या खटपटीनंतर फुकट राहत नाही.

4. बाहेरून घेणार असाल तर पुराची गाडी ओळखा

घरात गाडी नसेल आणि बाजारातून जुनी घ्यायची असेल, तर बडोद्यात सगळ्यात मोठा धोका विश्वामित्री नदीच्या पुराचा आहे. ऑगस्ट 2024 मध्ये नदी 35 फुटांच्या वर गेली. अकोटा, मुजमहुडा, समा, फतेहगंज, वडसर या भागांत तळमजल्यावरच्या गाड्या बुडाल्या. त्यातल्या कितीतरी धुऊन-पुसून पुन्हा विक्रीला आल्या. अशी गाडी पहिलं वर्ष नीट चालते, मग वायरिंग एकेका जागी दगा द्यायला लागतं.

बघायचं असं. ड्रायव्हरची सीट पूर्ण मागे सरकवा आणि मोबाईलचा टॉर्च सीटच्या रुळांवर मारा. रुळाच्या खाचेत वाळलेला, बारीक, राखाडी गाळ असेल तर तिथेच थांबा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. आत गुंडाळलेल्या भागावर मातीची आडवी रेघ धुऊनही जात नाही. डिकीतलं स्टेपनी टायर उचला आणि खालच्या खोलगट जागेतले बोल्ट बघा. पायाखालचा गालिचा कोपऱ्यातून उचलून खालच्या फेल्टला हात लावा. काचा बंद करून पाच मिनिटं उन्हात ठेवल्यावर आतला वास घ्या. परफ्यूमच्या दोन-तीन डब्या लावलेली गाडी असेल तर हे दुप्पट काळजीने करा. विक्रेत्याकडून मागच्या तीन वर्षांच्या पॉलिसी मागा. नो क्लेम बोनस एकाएकी शून्यावर आला असेल तर का, ते विचारा.

ओळखीच्या घरातली, रंग उडालेली, बंपरला ओरखडे असलेली गाडी मला चकचकीत अनोळखी गाडीपेक्षा कधीही जास्त विश्वासाची वाटते, कारण तिची कुंडली विचारायला माणूस समोर असतो.

5. मेकॅनिककडची पहिली फेरी

पंधरा-सोळा वर्षांच्या गाडीला कंपनीचं सर्व्हिस सेंटर लागेलच असं नाही. ज्याच्याकडे तुमच्याच मॉडेलच्या दोन-तीन गाड्या रोज उभ्या दिसतात असा गॅरेजवाला शोधा. पहिल्या भेटीत 'सगळं बघून द्या' म्हणू नका. यादी हातात द्या, आणि काढलेले जुने भाग परत मागा.

ब्रेक: पुढचे पॅड, मागचे लायनर, मागच्या चाकांच्या सिलिंडरमधून ऑइल गळतं का. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून दोन वर्षांनी बदलायचं. उभी असलेली गाडी असेल तर हमखास बदला. पॅड पातळ झालेले दिसत असताना मेकॅनिक 'चालशे साहेब' म्हणाला तरी तुम्ही बदलायलाच सांगा.

टायर: बाजूच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात. 2321 म्हणजे 2021 सालातला 23 वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी पाच-सहा वर्षांच्या वरचं रबर कडक होतं आणि पहिल्या पावसात घसरतं. एकदम चार जमत नसतील तर जोडीने दोन घ्या.

कूलिंग: बडोद्याच्या मे महिन्यात पारा 42-43 ला टेकतो आणि जुनी इंजिनं तेव्हाच बसतात. गाडी पूर्ण थंड असताना, आणि थंड असतानाच, रेडिएटरचं झाकण उघडा. आत हिरवं किंवा लाल कूलंट हवं. तांबूस गढूळ पाणी असेल तर कुणीतरी वर्षानुवर्षं नळाचं पाणी भरलेलं आहे. रेडिएटर साफ करून, डिस्टिल्ड वॉटर मिसळलेलं कूलंट भरून घ्या. वरचा जाड होज पाईप बोटांत दाबा. आत करकर वाजला किंवा लिबलिबीत फुगलेला लागला तर बदला. ऑइल भरायच्या झाकणाच्या आत दुधासारखा फेस दिसला तर ऑइलमध्ये पाणी जातंय, हेड गॅस्केट (इंजिनाच्या दोन भागांमधलं सील) गेलेलं असू शकतं. विकत घ्यायची गाडी असेल तर हे पाहून परत फिरा.

आणि एक सल्ला ठामपणे नाकारा: 'थर्मोस्टॅट काढून टाकू, गाडी गरमच होणार नाही.' थर्मोस्टॅट म्हणजे तापमान पाहून कूलंटची वाट उघडणारी झडप. तो काढला की इंजिन योग्य तापमानावर यायला फार वेळ घेतं, पेट्रोल जास्त पितं, आणि मूळ दोष, म्हणजे तुंबलेला रेडिएटर किंवा बंद पडलेला पंखा, तसाच राहतो.

टायमिंग बेल्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारा पट्टा): 2010 च्या आधीची 1061 सीसीची वॅगन आर, 796 सीसीची जुनी अल्टो, सँट्रो यांना बेल्ट असतो. मारुतीच्या नंतरच्या के-सिरीज इंजिनाला चेन असते, तिथे ही काळजी नाही. बेल्ट बदलल्याची पावती सापडत नसेल तर बदललेला नाही असंच धरा. तो तुटला की गाडी भर रस्त्यात मरते आणि काही इंजिनांत व्हॉल्व्ह वाकून खर्च अनेक पटींनी वाढतो.

बाकीचं पटकन: इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, पेट्रोल फिल्टर, प्लग. स्टेअरिंग पूर्ण वळवून हळू चालवल्यावर 'टक-टक' आलं तर ड्राइव्ह शाफ्ट (चाक फिरवणारा दांडा) तपासा. बॅटरीला मल्टिमीटर लावा: रात्रभर उभ्या गाडीत 12.6 व्होल्टच्या आसपास, इंजिन चालू असताना 13.8 ते 14.4. इंजिन चालू असूनही 13 च्या खाली असेल तर दोष अल्टरनेटरकडे (बॅटरी चार्ज करणाऱ्या भागाकडे) शोधा, नवी बॅटरी घेऊन उपयोग नाही.

इंजिन फ्लश, डिकार्बनायझिंग, टेफ्लॉन कोटिंग असलं कुणी सुचवलं तर 'पुढच्या वेळी बघू' म्हणा.

6. पेट्रोल, सीएनजी, पीयूसी

आता पंपावर मिळतं ते पेट्रोल 20 टक्के इथेनॉलचं. एप्रिल 2023 नंतरच्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या आहेत, तुमची नाही. गाडी चालते, ॲव्हरेज थोडा उतरतो आणि जुन्या रबरी नळ्या, सील यांच्यावर ताण येतो. म्हणून पेट्रोलच्या नळ्या पहिल्याच फेरीत बघून घ्या आणि भरलेली टाकी महिनोन्महिने उभी ठेवू नका. इथेनॉल पाणी ओढतं. बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला तर गाडी सुरू न करता मेकॅनिकला बोलवा.

सीएनजी बडोद्यात सहज मिळतो, त्यामुळे मोह होतो. रोज 40 किलोमीटरच्या वर फिरणं असेल तरच कीट परवडतं, तेही इंजिन सशक्त असेल तर. कीट मान्यताप्राप्त हवं, आरसीवर आणि विम्यात त्याची नोंद हवी, आणि सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी हवी. आधीच सीएनजी असलेली गाडी मिळाली तर सिलिंडरवरच्या पट्टीची तारीख वाचा.

पीयूसी बीएस-4 (प्रदूषणाचं सरकारी मानक) आणि पुढच्या गाडीला वर्षाचं मिळतं, त्याआधीच्या गाडीला सहा महिन्यांचं. मोबाईलमध्ये आठवण लावून ठेवा.

7. विमा किती घ्यायचा

थर्ड पार्टी विमा (दुसऱ्याच्या नुकसानीचा) सक्तीचाच आहे. जून 2022 च्या दरपत्रकात 1000 सीसीपर्यंत 2,094 रुपये आणि 1000 ते 1500 सीसीला 3,416 रुपये आहेत, त्यावर कर वेगळा. गाडीची किंमत पन्नास-साठ हजार असेल तर पुष्कळ जण इथेच थांबतात, आणि ते गैर नाही. पण तुमचं पार्किंग नदीच्या बाजूला, सखल भागात असेल तर सर्वंकष पॉलिसी घ्या, कारण पुराचं नुकसान तिच्यातच भरून मिळतं. पॉलिसी संपून 90 दिवस झाले की जमवलेला नो क्लेम बोनस जातो.

8. रोज चालवताना

सकाळी निघायच्या आधी गाडीखाली जमिनीवर एक नजर टाका. स्वच्छ पाण्याचे थेंब एसीचे असतात. काळा डाग ऑइलचा, हिरवट किंवा लाल डाग कूलंटचा. तो दिसला तर पातळी बघितल्याशिवाय निघू नका. आठवड्यातून एकदा ऑइलची पट्टी, कूलंट, हवा. तापमानाचा काटा नेहमीच्या जागेवरून वर सरकला की लगेच बाजूला घ्या. 'ऑफिस येतंच आहे' म्हणून रेटलेल्या दोन किलोमीटरांत हेड गॅस्केट जातं.

पावसाळ्यात अलकापुरीचं गरनाळं (रेल्वेखालचा रस्ता) भरलं की वळसा घाला. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असताना इंजिन फिरवलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलून बाहेर काढा आणि उचलून न्या.

या गाड्यांत बहुधा एअरबॅग नसतात, एबीएस नसतं. मी स्वतः अहमदाबादच्या एक्सप्रेसवेवर ती नेत नाही, आणि तुम्हीही नेऊ नये असं मनापासून वाटतं. शहरात चालवा, पट्टा मागच्या सीटवरही लावा, पुढच्या गाडीपासून नवीन गाडीवाल्यापेक्षा जास्त अंतर ठेवा.

डिकीत एवढं असू द्या: हवा भरलेली स्टेपनी, जॅक, पाना, जंपर केबल, हवेचा गेज, दोन-तीन फ्यूज, एक हेडलाईट बल्ब, लिटरभर कूलंट. आणि एक वही, ज्यात तारीख, किलोमीटर, काय बदललं, किती लागले. उद्या विकायची झाली तर या वहीमुळे गिऱ्हाईकाचा विश्वास बसतो.

9. कधी सोडायची

रंग उडाला, एसी थकला, खिडकीचं हँडल निघालं, ही सोडायची कारणं नाहीत. सांगाड्याला गंज लागला, म्हणजे दाराखालची पट्टी किंवा सस्पेन्शन बसतं ती जागा स्क्रू ड्रायव्हरने टोचल्यावर आत जाते, तर सोडा. वेल्डिंग करून ती तात्पुरती उभी राहील, धडकेत टिकणार नाही. निळा धूर आणि दर हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल लागत असेल, तर इंजिन उघडायचा खर्च गाडीच्या किमतीशी ताडून बघा.

भंगारात द्यायची तर सरकारमान्य वाहन स्क्रॅपिंग केंद्रातच द्या. नाक्यावरचा भंगारवाला चार पैसे जास्त देईल, पण आरसी तुमच्या नावावर जिवंत राहील आणि तो नंबर कुठे वापरला गेला तर पोलीस तुमच्या दारात येतील. मान्य केंद्रातून गाडी जमा केल्याचं प्रमाणपत्र मिळतं. नवी खासगी गाडी घेताना त्यावर रोड टॅक्समध्ये सवलत मिळू शकते. ते हातात आलं की आरटीओत नोंदणी रद्द झाल्याची खात्री करा, फास्टॅग बंद करा आणि विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं पत्र घ्या. ते तीन वर्षं चालतं.